ऑइल सील बदललं आणि जीप थरथरायला लागली

६ मे २०२४, सोमवार. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओच्या तपासणीच्या मैदानावर आमच्या जीपचा नंबर लागला तेव्हा पावणेअकरा झाले होते आणि स्टीअरिंगला हात लावायचा तर रुमाल घ्यावा लागत होता. इन्स्पेक्टर साहेबांनी दिवे पाहिले, हॉर्न वाजवून घेतला, चेसिस नंबर वाचला. मग म्हणाले, "हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका आणि हळूच क्लच सोडा."

ब्रेक धरत असता तर इंजिन बंद पडलं असतं. जीप आरामात चालायला लागली.

साहेब चिडले नाहीत, हसलेही नाहीत. "एवढं करून आणा," म्हणाले आणि मागच्या गाडीकडे वळले. त्या 'एवढ्या'साठी पुढे पाच आठवडे लागले. जुनी जीप बाळगणारे आपल्याकडे बरेच आहेत, म्हणून झालं तसं लिहून ठेवतोय. चुकांसकट, कारण त्यातल्या निम्म्या माझ्या आहेत.

जीप महिंद्राची सीजे-३बी, १९७१ ची, पेट्रोल. बाबांनी १९८६ मध्ये सरकारी लिलावात घेतली, कळमेश्वरकडच्या संत्र्याच्या बागेसाठी. बाग आता भावाकडे आहे, जीप नागपूरला माझ्या अंगणात. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मेकॅनिक नाही.

आधी कागदांचं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आमची मुदत १४ जूनला संपत होती. अर्ज फॉर्म २५ वर, आणि तो मुदतीच्या जास्तीत जास्त ६० दिवस आधी करता येतो, म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून. १९ एप्रिलला नागपूरचं लोकसभेचं मतदान होतं आणि आम्हा मास्तरांची ड्यूटी, त्यामुळे अर्ज भरायला २२ तारीख उजाडली. फी ५,००० रुपये. १५ वर्षांवरच्या चारचाकीला एप्रिल २०२२ पासून तेव्हा, म्हणजे २०२४ मध्ये, तेवढी लागायची. पर्यावरण कर वेगळा. विमा फक्त थर्ड पार्टी घेतला, तरी १५०० सीसीच्या वरच्या गाडीला ७,८९७ आणि वर जीएसटी, म्हणजे ९,३१८ झाले. जीपचं इंजिन २१९९ सीसीचं. मुदत टळली तर दर महिन्याला ५०० रुपये दंड, हेही डोक्यात होतं. आरसी बाबांच्या नावावर, ओटीपी बाबांच्या बटणांच्या फोनवर, आणि बाबा दुपारी फोन बंद करून झोपतात. ऑनलाइन अर्ज करणाऱ्यांनी घरातल्या ज्येष्ठांची झोपेची वेळ आधी पाहून घ्यावी.

'पन्नास वर्षं झाली ना, मग व्हिंटेजमध्ये का टाकत नाही?' असं तिघांनी विचारलं. २०२१ च्या नियमांत ती सोय आहे: पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपातली गाडी, नोंदणी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण मग ती रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. आम्हाला ती बागेत न्यायची असते. तो विषय तिथेच संपला.

आता हँडब्रेक का धरत नव्हता ते. या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांना नसतो. ट्रान्सफर केसमधून (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) मागे जो शाफ्ट निघतो, त्याच्यावर एक ड्रम असतो. दांडा ओढला की तो ड्रम धरला जातो, आणि ड्रमच्या मागे लावलेला प्रॉपेलर शाफ्ट (चाकांकडे गती नेणारा लांब दांडा), डिफरन्शियल (ती दोन चाकांत वाटणारे गिअर) आणि चाकं अडतात. ड्रमच्या आतच ट्रान्सफर केसचं मागचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी. ते गळलं की गिअर ऑइल सरळ ब्रेकच्या लायनरवर जातं. खाली वाकून पाहिलं तर ड्रमच्या काठावरून तेलाची लाळ लोंबत होती. किती महिन्यांपासून, देव जाणे. मी जीप नेहमी गिअरमध्ये लावून ठेवतो, त्यामुळे कळलंच नव्हतं.

इथे एक जपण्याची गोष्ट. असा हँडब्रेक असलेल्या गाडीचा मागचा प्रॉपेलर काढला की तो ब्रेक चाकांना धरतच नाही, कितीही ओढा. आणि प्रॉपेलर जागेवर असला तरी मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळं फिरतं आणि गाडी सरकू शकते. म्हणून खाली शिरण्याआधी चारी चाकांना ओंडके लावायचे, विटा नाही. विटा फुटतात.

११ मे, शनिवार. ओळखीच्या गॅरेजमध्ये काम काढलं. उस्ताद अनुभवी माणूस, पण त्याच्याकडे दोन टेम्पो उभे होते आणि मी 'आजच पाहिजे' म्हणून मागे लागलो होतो. शाफ्ट सोडवायला मीच खाली गेलो. मागचे आणि पुढचे बोल्ट काढले, शाफ्ट हातात आला, आणि उचलताना मधल्या स्लाइडिंग जोडातून सुटून त्याचे दोन तुकडे झाले. ग्रीसने माखलेले दात, एक भाग नर, एक मादी. मी दोन्ही तुकडे भिंतीला टेकवून ठेवले. गॅरेजच्या पोट्ट्याने ते डिझेलने स्वच्छ धुतले, नवीन ग्रीस भरलं आणि बसवायच्या वेळी एकात एक घालून दिले. छान सरकत होते.

तिकडे उस्तादने कॉटर पिन काढून मधला नट सोडला, पुलरने ड्रम ओढला. सील ज्या टोपणात बसतं ते टोपण जागेवर ठेवूनही जुनं सील उचकटून काढता येतं, पण ते सुकून इतकं घट्ट बसलं होतं की त्याने टोपणच काढलं. टोपण आणि केसच्या मध्ये पत्र्याच्या पातळ चकत्या होत्या, शिम. त्या त्याने पुसून परत लावल्या आणि वरून कागदी पॅकिंग कापून टाकलं. "आता थेंब नाही यायचा भाऊ." मला ते अगदी पटलं होतं. सील २२० रुपये, लायनर नवे रिव्हेट करून ३८०, दोन लिटर गिअर ऑइल ७६०, मजुरी १,५००. हँडब्रेक असा धरला की पहिल्या गिअरला इंजिन धपकन बंद पडलं. जिंकलो असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बाबांना घेऊन काटोल रोडला निघालो. पंचवीसच्या पुढे गेल्यावर पायाखाली गुणगुण सुरू झाली. पस्तीसला आरशातला मागचा ट्रक दोन-दोन दिसायला लागला. पंचेचाळीसला पत्रा असा वाजायला लागला की बाबांनी डॅशबोर्डवर हात ठेवला आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिलं. फेटरीच्या अलीकडूनच परत फिरलो.

उस्तादला फोन केला. "नवीन सील हाय भाऊ, जरा घट्ट राह्यते. पन्नास-शंभर किलोमीटर चालवा, बसून जाते."

सील हा रबराचा ओठ आहे. त्याने जीप थरथरत नाही, एवढं मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण ज्याला काम येतं त्याच्या तोंडून 'बसून जाते' ऐकलं की फार बरं वाटतं. मी शंभर किलोमीटर चालवली. बसलं नाही.

मग पैसे घालवण्याचा आठवडा. १४ तारखेला चारी चाकं बॅलन्स केली, ६०० रुपये. काही फरक नाही. १७ ला प्रॉपेलरच्या दोन्ही टोकांचे क्रॉस (वाकड्या कोनातही फिरू देणारे सांधे) बदलले, १,०४० आणि बसवायचे ५००. जुने क्रॉस हातात घेऊन पाहिले तर अजून दोन वर्षं सहज गेले असते. फरक नाही. उलट १८ ला सकाळी ड्रमखाली रुपयाएवढा तेलाचा डाग. नवं सील, सात दिवसांत.

त्या संध्याकाळी अंगणात बसून मी उस्तादची, रस्त्याची, सील विकणाऱ्याची तक्रार करत होतो. बाबांचं वय ७९. कूलरपाशी खुर्ची टाकून ऐकत होते. सगळं ऐकल्यावर एकच विचारलं, "शाफ्ट काढायच्या आधी निशाणी केली होती का तू?"

"कशाची निशाणी?"

"मग झालं," म्हणाले आणि बातम्या लावल्या.

मला तेव्हा खरंच समजलं नाही. विचारायचं सोडून मी रागाने आत गेलो. विचारलं असतं तर पुढचा आठवडा वाचला असता. पण त्या आठवड्यात जे शिकलो ते सांगण्याजोगं आहे.

शाळेला सुट्टी होती. ठरवलं, आता काही बदलायचं नाही, फक्त शोधायचं. पहिली परीक्षा फुकटची आहे आणि कुणालाही करता येते. रिकाम्या रस्त्यावर चाळीसला नेऊन न्यूट्रल करा आणि गाडी तशीच घसरू द्या. थरथर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर खाली गेली तर इंजिन किंवा क्लच. वेगाबरोबरच राहिली तर गिअरबॉक्सच्या मागचं काहीतरी. आमची वेगाबरोबर राहिली. गिअर बदलूनही तशीच.

दुसरी परीक्षा जीपवाल्यांनाच जमते. १९ मे, रविवार, पहाटे पाच. मागचा प्रॉपेलर पूर्ण काढून ठेवला, फोर-व्हीलचा दांडा टाकला आणि जीप फक्त पुढच्या चाकांवर चालवली, आमच्याच ले-आउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, मागच्या मोकळ्या रस्त्यावर, चाळीसपर्यंत. लोण्यासारखी. यातून दोन गोष्टी कळल्या. दोष मागच्या प्रॉपेलरच्या ओळीत आहे. आणि ड्रम, योक (शाफ्ट ज्याला जोडतात तो चिमट्यासारखा भाग) तर या परीक्षेतही फिरतच होते, म्हणजे त्यांचा तोल बरा आहे. उरला तो लांब शाफ्ट. पण त्याचे क्रॉस नवे, नळी सरळ (घरी दोन लाकडी ठोकळ्यांवर फिरवून पाहिली), मग राहिलं काय?

तिसरी परीक्षा मास्तरकीची. मोबाइलमध्ये कंपन मोजणारं फुकट ॲप मिळतं. टायरवर आणि जमिनीवर खडूची रेघ मारून जीप एक पूर्ण फेरा ढकलली आणि टेपने मोजलं: २ मीटर १९ सेंटीमीटर. ताशी ३० म्हणजे सेकंदाला ८.३३ मीटर, म्हणजे चाकाचे ३.८ फेरे. मागच्या डिफरन्शियलला मॅन्युअलप्रमाणे ४३ आणि ८ दात, म्हणून चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३७५ फेरे. गुणाकार केला तर शाफ्ट सेकंदाला साधारण २०.४ वेळा फिरतो. आता चाकाचा तोल गेलेला असेल तर कंपन सेकंदाला चारच्या आसपास दिसायला हवं. शाफ्टचा तोल गेला असेल तर वीसच्या आसपास.

मुलगी गाडीत मागे बसली, फोन ट्रान्सफर केसच्या दांड्यापाशी फरशीला चिकटपट्टीने चिकटवला, ताशी ३० चा वेग दुसऱ्या फोनच्या जीपीएसवरून धरला. जीपच्या स्पीडोमीटरचा काटा त्या दिवसांत नुसता नाचत होता. (हीसुद्धा एक खूण होती. त्याकडे मी लक्ष दिलं नाही.) तीन वेळा गेलो-आलो. तिन्ही वेळा ॲपच्या आलेखातलं मोठं शिखर ४१ वर.

वीस नाही, एक्केचाळीस. बरोबर दुप्पट.

दुप्पट म्हटल्यावर पुस्तकातलं आठवलं. शाफ्टच्या टोकाला जो क्रॉस असतो, तो वाकड्या कोनात फिरताना गती जशीच्या तशी पुढे देत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढच्या भागाला पळवतो, दोनदा रेंगाळवतो. कोन १० अंशांचा असेल तर हा चढउतार दीड टक्क्याच्या आसपास असतो. ऐकायला थोडा, पण सेकंदाला चाळीस वेळा. म्हणूनच शाफ्टला दोन क्रॉस असतात: पहिला जेव्हा पळवतो नेमका तेव्हा दुसरा रेंगाळवतो, आणि डिफरन्शियलला गती सरळ मिळते. अट एवढीच की दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत, आणि शाफ्टच्या दोन टोकांचे काटे (क्रॉस ज्यात बसतो ते दोन बोटांचे चिमटे) एकाच पातळीत हवेत. एक काटा आडवा आणि दुसरा तिरपा असेल तर एकमेकांचं पुरतं खोडून काढलं जात नाही आणि चढउतार शिल्लक राहतो.

कोन फोननेच मोजले: ट्रान्सफर केसचा योक आणि डिफरन्शियलचा योक यांच्या उतारात अर्ध्या अंशाचा फरक. ठीक. म्हणजे राहिले काटे. आणि काटे फिरतात ते फक्त मधल्या स्लाइडिंग जोडात. जो माझ्या हातात सुटला होता.

निशाणी. बाबा म्हणत होते ती ही.

२६ मे, रविवार. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला होता. साडेचारला उठलो, ओंडके लावले, घोड्या (गाडी पेलणारे स्टँड) लावल्या, खाली शिरलो. शाफ्टच्या एका टोकाच्या काट्यावर सरळ लोखंडी पट्टी धरली, दुसऱ्यावर दुसरी, आणि मागून पाहिलं. पट्ट्या एकमेकींना छेदत होत्या. फार नाही, आपण घड्याळाकडे पाहून 'दहाला पाच कमी' म्हणतो त्यातल्या मिनिटकाट्याएवढं. मग जोडावरचं ग्रीस आणि जुना काळा रंग तारेच्या ब्रशने घासला. दहा मिनिटांनी नळीवर एक बाण दिसला. ठोकून उमटवलेला, स्पष्ट. स्लीव्हवर त्याचा जोडीदार, दोन दात बाजूला सरकलेला. कंपनीने ही चूक कुणीतरी करणार हे ओळखून पन्नास वर्षांपूर्वीच खूण करून ठेवली होती. आम्ही ती डिझेलने धुतलीसुद्धा, पण पाहिली नाही.

जोड ओढून सोडवला, बाणासमोर बाण आणून बसवला. अर्ध्या तासाचं काम. साडेसहाला काटोल रोडला, फोन फरशीला चिकटवलेला. ४१ वरचं शिखर आधीच्या सातव्या हिश्शावर आलं होतं. पंचेचाळीसला आरशात एकच ट्रक. बाबा सोबत नव्हते. घरी येऊन सांगितलं तर म्हणाले, "बाण असते त्याच्यावर." हे ते एका आठवड्यापूर्वीही सांगू शकले असते, पण मी विचारलंच नव्हतं, हेही खरं.

आता तेल. थरथर गेली तरी थेंब चालूच होता, रोज तीन-चार. नवे लायनर परत ओले होणार आणि तपासणीत पुन्हा तेच, ही भीती. ड्रम दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर ढकलला तर 'टक' असा बारीक आवाज आला. शाफ्ट आपल्याच अक्षावर पुढे-मागे सरकत होता.

त्या दिवसांत नागपुरात कुठल्या कामाला कुणाला हाक मारायचीही सोय नव्हती. ३० मेला तर शहरात ५६ अंशांची बातमी देशभर फिरली. नंतर तो सेन्सरचा बिघाड असल्याचं स्पष्ट झालं, पण बाहेर उभं राहणाऱ्याला ते ५६ खोटं वाटलं नसतं. १ जूनला सकाळी सातला जीप हिंगणा एमआयडीसीत नेली, एका टर्नरकाकांच्या शेडमध्ये. त्यांची ओळख शाळेतल्या एका पालकांकडून मिळाली. त्यांनी चुंबकाच्या स्टँडवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळासारखं यंत्र) लावला, काटा शाफ्टच्या टोकाला टेकवला आणि मला म्हणाले, "ढकला सर. आता ओढा." काटा अर्ध्याच्या पुढे गेला. ०.५२ मिलिमीटर.

या ट्रान्सफर केसमध्ये मागचा शाफ्ट दोन निमुळत्या रोलर बेरिंगांवर बसतो, आणि टोपणाखालच्या शिमच्या जाडीवर त्या बेरिंगांना किती जागा मिळणार ते ठरतं. जाडी कमी झाली तर बेरिंग आवळतं आणि तापतं. जाडी वाढली तर शाफ्ट खेळतो. मॅन्युअलप्रमाणे हा प्ले ०.१ ते ०.२ मिलिमीटर हवा.

टोपण उघडल्याबरोबर काकांनी कागदी पॅकिंग नखाने सोललं. "सर, हे कागद कोणं टाकलं मधात? शिमच्या जागी शिमच पायजे." मायक्रोमीटरने मोजलं: कागद ०.४ चा. ०.५२ मधून ०.४ गेले की ०.१२. म्हणजे शिम सगळ्या होत्या तेवढ्याच होत्या, बरोबर होत्या. तेल थांबावं म्हणून घातलेल्या कागदानेच शाफ्ट मोकळा झाला, डुगडुगला, आणि सीलच्या ओठाला तो डुगडुगणारा योक धरून ठेवता येईना. स्पीडोमीटरचा गिअर याच टोपणात बसतो, काटा नाचत होता तोही याच शाफ्टबरोबर.

काकांनी शिम दोन्ही बाजूंनी स्वच्छ करून गॅस्केट शेलॅकचा (तेल अडवणाऱ्या चिकट लेपाचा) पातळ हात दिला आणि टोपण आवळलं. डायल गेज: ०.१४. योकच्या ज्या गुळगुळीत भागावर सील घासतं, तिथे जुन्या सीलने बारीक चर पाडली होती. नख अडकत होतं. त्यांनी ती पॉलिश करून घेतली आणि नवं सील जुन्याच्या जागेपेक्षा दोनेक मिलिमीटर आत ठोकलं, म्हणजे ओठ चरीवर न येता कोऱ्या भागावर येतो. चर फार खोल असेल तर वरून पातळ स्टीलची स्लीव्ह चढवतात, आमच्यावर ती वेळ आली नाही. सील बसवताना ओठाला आधी तेल लावायचं, कोरडं सील पहिल्याच किलोमीटरला जळतं. नट आवळल्यावर कॉटर पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढेच आवळायचा, मागे सैल करून जुळवायचं नाही. आणि पिन नवी. ट्रान्सफर केसवरचा हवेचा ब्रीदर काकांनी काढून फुंकला तर बंद होता. तो चोंदला की आत दाब वाढतो आणि चांगलं सीलही गळतं. सील बदलायला काढण्याआधी पाच मिनिटं त्यासाठी द्यावीत.

सील २२०, काकांचे ६००, तेल आणखी ३८०. सगळा हिशोब ६,२०० झाला, त्यातले चाकं आणि क्रॉसचे २,१४० नुसते गेले. क्रॉस तरी नवे आहेत म्हणून मनाची समजूत घालतो.

या वेळी शाफ्ट काढण्याआधी मी पांढऱ्या रंगाने चार रेघा मारल्या होत्या: पुढचा योक, मागचा योक, जोडाच्या दोन्ही बाजू. काका बघत होते. "बाण हाय न त्याच्यावर," म्हणाले. असू दे म्हटलं.

उस्तादकडे ४ जूनला गेलो. लोकसभेच्या निकालाचा दिवस, गॅरेजमध्ये टीव्ही मोठ्याने चालू. भांडायला गेलो नव्हतो, पण कागदाचं आणि बाणाचं सांगितलं. कागदाचं त्याने ऐकून घेतलं, मान हलवली. बाणाचं ऐकल्यावर पोट्ट्याकडे पाहिलं, पोट्ट्याने माझ्याकडे. शाफ्ट सोडवला होता मी. चहा पिऊन आलो.

१० जूनची तारीख मिळाली होती, मुदत संपायला चार दिवस राहिले असताना. तारीख ऑनलाइन घेतली असली तरी पावत्या, विमा, पीयूसी, आधार यांच्या छापील प्रती दोन-दोन ठेवाव्यात. मला एक लागली, माझ्या पुढच्याला दोन्ही. मूळ आरसी बाबांची, म्हणून बाबांचं सहीचं पत्रही नेलं होतं. मैदानावर तेच साहेब होते की दुसरे, आठवत नाही. हँडब्रेक, पहिला गिअर, क्लच. जीप एकदा थरथरली, योग्य कारणाने, आणि बंद पडली. साहेबांनी टिक केलं. पुढचं सगळं सात मिनिटांत झालं. आरसी टपालाने घरी यायला १९ दिवस लागले, त्या काळात गाडीत पावती आणि फॉर्मची प्रत ठेवली होती.

तेव्हापासून रात्री ड्रमखाली पुठ्ठा ठेवतो. सकाळी दूध आणायला जाताना बाबा वाकून पाहतात. परवा त्यांनी मला बोलावलं, पुठ्ठ्यावर एक थेंब होता. बोट लावून वास घेतला. ब्रेक ऑइल. चाकाच्या सिलिंडरकडून आलेलं.